मामांच्या फोनवरची जाहिरात

"ताई, हे लाईक घेऊन मी काय करू? फडताळात ठेवू का?"

उदगीरच्या आपल्या कापड दुकानात गादीवर मांडी घालून बसलेल्या शिवलिंगअप्पांनी मला असं विचारलं, तेव्हा त्यांच्या सुनेनं, राजेश्वरीनं, हातातला मोबाईल हळूच पालथा ठेवला. मला हसू आलं, पण ते आवरलं. प्रश्न रास्त होता.

मी लातुरात डिजिटल जाहिरातींचं काम करते. फोनवर बोट सरकवताना मध्येच जी जाहिरात येते, ती कुणाला आणि कधी दिसावी हे ठरवणं हा माझा धंदा. राजेश्वरीनं काढलेली जाहिरात देखणी होती. नटलेली नवरी, भरजरी शालू, मागे सनई. लाईकचा पाऊस पडला होता. कॉमेंटमध्ये 'प्राइस प्लीज' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती, त्यात एक बाई थेट दुबईच्या. ती बघून दुकानात मात्र कुणी फिरकत नव्हतं.

आणि फिरकणं गरजेचं होतं. दुकानाचा वरचा मजला बस्त्याचा. बस्ता म्हणजे लग्नाची कपडेखरेदी. आमच्याकडे दोन्ही घरची मंडळी गाड्या भरून एकाच दुकानात येतात आणि नवरीच्या शालूपासून आत्याबाईंच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत उरकतात. हा मजला राजेश्वरीनं हट्टानं सुरू केला होता. आता एक मोबाईलवाला तो भाड्यानं मागत होता. अप्पांनी सुनेला सांगून टाकलं होतं, "ही लगीनसराई बघू. न्हाई जमलं तर देऊन टाकू." म्हणजे राजेश्वरी पुन्हा खाली, परकर आणि ब्लाऊजपीसच्या काउंटरला.

मी जाहिरातीचं सेटिंग उघडून बघितलं. ती लग्नाच्या वयाच्या मुलींना दाखवली जात होती.

"साडी नवरीच नेसणार ना?" राजेश्वरी म्हणाली.

"हो. पण त्या मुलींच्या फोनवर जागा फार महाग आहे."

फोनवरची जाहिरातीची जागा लिलावात जाते. मोंढ्यात तुरीचा सौदा होतो, तसाच. ज्या माणसासमोर जास्त जणांना आपला माल मांडायचा असतो, त्याची बोली चढते. लग्नाळू मुलीच्या फोनसाठी क्रीमवाले, दागिनेवाले, मुंबई-बेंगळुरूचे ऑनलाइन साडीवाले, सगळे बोली लावून बसलेले. त्यात उदगीरचं एक दुकान. शिवाय जाहिरात लावताना राजेश्वरीनं ॲपच्या कंपनीकडे लाईकच मागितले होते. मशीन भारी आज्ञाधारक असतं. दिसेल त्याला लाईक करत सुटणारी माणसं त्यानं शोधून आणून दिली होती.

मग मी लॅपटॉप मिटला आणि दुकानातच बसून राहिले. दुपारी एक बस्ता आला. चाकूरकडची मंडळी, दोन क्रूझर भरून. वर साड्यांचा ढीग पडला. नवरी मुलगी रंग निवडत होती, आई पदर बघत होती, आत्या रुसायच्या बेतात होती. मी मुलीला हळूच विचारलं, "हे दुकान तू शोधलंस का?"

"न्हाई ओ. मामांनी आणलं."

मामा खाली पायरीवर पान खात उभे होते. साडीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, हेच दुकान का?

"पोरीला साडी कुठंबी मिळती," मामा म्हणाले. "पर इतकी माणसं घेऊन यायचं म्हणल्यावर गाडी कुठं लावावं, म्हातारीला कुठं बसवावं, जेवायचं काय, हे मलाच बघावं लागतंय ना? इथले अप्पा जेवू घालतेत. घाई करत न्हाईत."

मी तशीच वर गेले आणि राजेश्वरीला म्हटलं, "आपण नवरीला जाहिरात दाखवत बसलोय. गाडी तर मामा ठरवतात, आणि ती कुठल्या दुकानापुढे थांबणार तेही."

नवी जाहिरात करायची तर त्यात अप्पाच हवे होते. अप्पा उखडले. "मी काय नट हाय का?"

"नट नकोच आहे, अप्पा. रोज बोलता तेच बोला."

राजेश्वरीनं मोबाईल धरला. कपाळावर भस्म, डोक्यावर टोपी, गादीवर मांडी, आणि अप्पा बोलले: "बस्त्याला या. गाडी लावायला जागा हाय. जेवण आमच्याकडं. कुणी घाई करणार न्हाई. म्हाताऱ्या माणसाला जिना चढवत नसंल तर साड्या खाली आणून दाखवू." बस, एवढंच. सनई नाही, नवरी नाही.

ही जाहिरात मी चाकूर, शिरूर अनंतपाळ, देवणी, जळकोट एवढ्याच भागात लावली, आणि दाखवली पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषांना. कंपनीकडे लाईकऐवजी दुकानात फोन करणारी माणसं मागितली. अशा माणसांना लग्नाच्या साड्या दाखवायला कुणीच बसलेलं नव्हतं, त्यामुळे जागा मातीमोल भावात मिळाली. आणि मामामंडळींचा एक गुण माझ्या आधी लक्षातच आला नव्हता. त्यांना फॉरवर्ड केल्याशिवाय राहवत नाही. अप्पा बघता बघता भावकीच्या सगळ्या ग्रुपवर जाऊन बसले.

फोन सुरू झाले. एकही बाई नाही आणि शालूचा भाव विचारणारा एकही नाही. "ट्रॅव्हल्स लावता येती का?" "जेवणात तिखट किती असतंय?" एक मामा तर आदल्या दिवशी एकटेच येऊन अंगण बघून गेले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची मंडळी घेऊन हजर, आणि आल्या आल्या म्हणाले, "फोनातले अप्पा कुठं हायत?"

लगीनसराईच्या मध्यावर मी पुन्हा गेले, तेव्हा वर बसायला जागा नव्हती. राजेश्वरी एका आजीबाईंसाठी साड्यांचा गठ्ठा खाली उतरवत होती. तेवढ्यात तो मोबाईलवाला आला. "अप्पा, वरच्या मजल्याचं काय ठरलं?"

अप्पांनी मापपट्टी खाली ठेवली. "ते मला इचारू नका. तो मजला राजेश्वरीचा हाय. तिला इचारा."

राजेश्वरी जिन्यात गठ्ठ्यासकट थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मग तिनं मान फिरवून सांगितलं, "न्हाई द्यायचा," आणि खाली उतरून साड्या आजीबाईंपुढे पसरल्या.

हल्ली नवा क्लायंट आला की मी त्याच्या ग्राहकाचं वय, आवडनिवड नंतर विचारते. आधी विचारते, गाडी कोण ठरवतं?