हात न लावणारा मामा

आमच्या ह्यांना ओळखीपाळखीचे सगळे 'फोकसराव' म्हणतात. लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर दुकानाचं उद्घाटन, जिथे चार माणसं नटूनथटून उभी राहणार तिथे हे कॅमेरा घेऊन हजर. घरी दूध उतू जात असलं तर आधी वाफ किती छान दिसतेय ते बघत बसतील. मी ओरडले की मग गॅस बंद! अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे घशाला कायम कोरड. पण माणूस मुंगीलाही न दुखावणारा, हेही खरं.

खालच्या मजल्यावर माझी नणंद राहते. ह्यांची धाकटी बहीण. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे घरात ती आणि तिची लेक, एवढंच. लेकीला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. चिमणी धड बसायलाही शिकली नव्हती तेव्हा तापात तिला पहिली आकडी आली. तापात येते कधीकधी, वयानुसार जाईल, असं सगळे म्हणाले. गेली नाही. मग ताप नसतानाही यायला लागली, लांबायला लागली. औषध सुरू झालं. नणंद ते देवाचं करावं तशा निष्ठेने द्यायची, आणि आकड्या वाढतच चालल्या होत्या.

शेवटी आम्ही मोठ्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. लहान मुलांच्या आकड्या आणि त्यामागचे जनुकांतले दोष, हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. बाई कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते समजेल असं. चिमणीच्या डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला, तो स्वच्छ निघाला.

"आकडी हा एकच आजार नाही," बाई म्हणाल्या. "एका प्रकाराला जे औषध लागू पडतं, तेच दुसऱ्या प्रकारात घात करतं. हिची कुठली आहे ते मला बघायला हवं, आणि माझ्यासमोर ती यायला तयार नाही. रक्त प्रयोगशाळेत पाठवता येईल, पण त्याचं उत्तर यायला महिने लागतात. तोवर मी अंदाजाने औषध बदलत बसू का?"

नणंदेने मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ दाखवले. एकात छत, एकात पलंगाचा पाय, एकात तिची स्वतःची चप्पल. साहजिकच आहे. पोर ताठ झाल्यावर कुठली आई मोबाइल सरळ धरेल?

"मला अगदी सुरुवात हवी," बाई म्हणाल्या. "कोणती बाजू आधी उडते, मग काय होतं. डोक्यापासून पायापर्यंत मूल दिसलं पाहिजे. सांभाळायला एक माणूस आणि कॅमेऱ्याला दुसरा. कॅमेरावाल्याने मुलीला हात लावायचा नाही. हललं की सगळं फुकट."

नणंदेने माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. फोकसराव खुर्चीत आक्रसून बसले होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपला कॉम्प्युटर उचलला आणि नणंदेच्या बाहेरच्या खोलीत मांडला. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी तिथेच, आणि कॅमेरा कायम मांडीवर, चालू. स्टँड लावून बघितला, पण चिमणी कसली एका जागी बसते! खुर्चीखाली, पलंगामागे, ओट्याच्या कोपऱ्यात. मग हे तिच्या मागे मागे. ती मागे वळून खुदकन हसायची, तिला वाटायचं खेळ चाललाय. यांचा तर घाम सुकत नव्हता.

ती वाट बघणं फार वाईट होतं. जे होऊ नये म्हणून जीव तीळतीळ तुटतो, त्याचीच वाट बघायची. दिवस नीट गेला की हायसं वाटायचं आणि लगेच मनात यायचं, आजही नाही आली. असं मनात आल्याची लाज वाटायची. आम्ही तिघंही एकमेकांच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हतो.

मग ती आली. नणंद चिमणीला अंघोळ घालून बाहेर घेऊन आली, मी टॉवेल पसरला, आणि पोर ताठ झालं. हे उठले. आम्ही दोघींनी तिला कुशीवर केलं, मानेखाली हात दिला. वेळ सरता सरेना. थांबली एकदाची. मी यांच्याकडे पाहिलं तर कॅमेरा अगदी स्थिर. वाटलं, चला, झालं एक काम.

रुग्णालयात बाईंनी व्हिडिओ लावला. सुरुवातीला क्षणभर चिमणी पूर्ण दिसली, आणि मग चित्र हळूहळू पुढे सरकत गेलं. तिचा चेहरा. नुसता चेहरा. पापण्या, गाल, कपाळाला चिकटलेल्या बटा. असा सुंदर की बघवेना.

"हात-पाय कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

हे पांढरेफटक पडले. "सवय," एवढंच पुटपुटले. आयुष्यभर हेच तर केलं होतं. नवरी रडायला लागली की चेहऱ्यावर जायचं, म्हातारं माणूस गहिवरलं की चेहऱ्यावर जायचं. बोट आपोआप झूमवर गेलं होतं.

"डावा गाल उडतोय, एवढं कळतंय," बाई म्हणाल्या. "पण एवढ्यावर मी औषध बदलू शकत नाही."

बाहेर आल्यावर नणंद यांच्या अंगावरच गेली. "माझ्या पोरीची एक आकडी वाया घालवलीस तू! आता परत येऊ दे म्हणू का? सांग ना, म्हणू का?" कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. यांनी घरी येऊन झूमच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

पुढची आकडी आली तेव्हा मी वर होते, कपडे वाळत घालत. खालून नणंदेची किंकाळी ऐकू आली आणि मी पिळलेली चादर तिथेच टाकून जिना उतरले. दार उघडंच होतं. चिमणी चटईवर. उजवा हात, उजवा पाय, सगळी उजवी बाजू उडत होती. ओठ काळेनिळे. नणंद गुडघ्यांवर बसून, एका हाताने तिला धरून, दुसऱ्या हाताने आकडी थांबवायला नाकात मारायच्या स्प्रेचं पाकीट फाडायला बघत होती, आणि ते फाटत नव्हतं.

आणि हे? भिंतीला पाठ लावून, चटईच्या पायथ्याशी, कॅमेरा धरून उभे. मधे दोन हातांचं अंतर.

"दादा, ठेव ना रे तो कॅमेरा! धर तिला! दादा!"

हे हलले नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथेच कॅमेरा हिसकावून भिंतीवर आपटावा असं वाटलं. पण आधी पाकीट. मी ते दातांनी फाडलं, स्प्रे चिमणीच्या नाकात मारला आणि आम्ही दोघीही तशाच थांबलो. हात अजून उडतोय. अजून. मग हात मंद झाला, पाय सैल पडला, आणि तिने एक लांब श्वास घेतला.

ह्यांनी तरीही कॅमेरा खाली घेतला नाही. ती डोळे उघडून आईकडे बघेपर्यंत घेतला नाही. मग तो टेबलावर ठेवला, मोरीत गेले आणि भडाभडा ओकले.

बाहेर आले तेव्हा नणंद म्हणाली, "तू माणूस आहेस की स्टँड?"

त्या संध्याकाळी तिने यांचा कॉम्प्युटर स्वतः उचलून जिन्यात नेऊन ठेवला. बोलणं बंद. मीही काही कमी नव्हते. ताट वाढायचे ते आदळून. हे जेवल्यासारखं करायचे.

रुग्णालयात आम्ही सगळे गेलो, पण नणंद दारातच म्हणाली, "वहिनी, तू ये. त्याला बाहेर बसू दे." हे बाकावर बसले.

या वेळी चित्रात सगळं होतं. डोकं, हात, पाय, चटईच्या कडा. बाई पुन्हा पुन्हा सुरुवात बघत होत्या. "उजवी बाजू. मागच्या वेळी डावी होती." मग श्वासाचा आवाज ऐकायचा म्हणून त्यांनी आवाज वाढवला. नणंदेची किंकाळी आली. मी ओशाळून मान खाली घातली. आणि त्या किंकाळीच्या खाली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, एक हलका आवाज चालू होता. न थांबता.

"मी इथेच आहे हं चिमणे. मामा इथेच आहे. झालंच हं. मामा कुठे जात नाही. झालंच माझं बाळ."

सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मधे आवाज फुटला होता, पण थांबला नव्हता. आमच्या आरडाओरड्यात आम्हा दोघींना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. मला रडू आवरेना. नणंद मात्र दगडासारखी बसून राहिली.

बाईंनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. "दोन्ही वेळा केस ओले आहेत," त्या म्हणाल्या. "अंघोळीनंतर लगेच? पाणी गरम होतं का?"

"गार पाण्याने सर्दी होते तिला," नणंद म्हणाली.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. कधी डावी, कधी उजवी बाजू, ताप आणि गरम पाण्याने चेतणारी, एवढ्या लहान वयात सुरू झालेली. त्यांना जनुकातल्या एका ठराविक दोषाची दाट शंका होती. मुलीचं आणि आई-बाबांचं रक्त प्रयोगशाळेत जाणार होतं. पण औषधासाठी थांबायचं नव्हतं. "आत्ताचं औषध या प्रकारात आकड्या वाढवतं. आजपासून ते हळूहळू बंद करू."

नणंदेचा आवाज बसला. "मी एक डोस चुकवला नाही हो. झोपेतून उठवून दिलाय."

"तुम्ही सांगितलं तेच केलंत," बाई म्हणाल्या. "चूक झाली ती आम्हा डॉक्टरांच्या बाजूने झाली."

बाहेर आल्यावर नणंद ह्यांच्यासमोर क्षणभर उभी राहिली. वाटलं, आता बोलेल. "चला," म्हणाली आणि पुढे गेली.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं तेव्हा चिमणी नव्या औषधावर रुळली होती. शंका खरी निघाली. दोष आई-बाबा दोघांकडूनही आला नव्हता, तिच्यातच नव्याने झाला होता. आकड्या थांबल्या नाहीत, बाईंनी तसं वचनही दिलं नव्हतं. पण कमी झाल्या, आखूड झाल्या, आणि चिमणी नवे शब्द बोलायला लागली. नणंद ह्यांच्याशी कामापुरतं बोलायची. कामापुरतंच.

पुढच्या एका तपासणीच्या दिवशी बाईंनी आम्हा तिघांनाही आत बोलावलं. आकड्या ओळखायला शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांना तो व्हिडिओ दाखवायचा होता. अशी स्वच्छ सुरुवात क्वचितच मिळते, म्हणाल्या. "परवानगी दिलीत तर चेहरा झाकू, आवाजही काढून टाकू."

"आवाज मीच काढून देतो," हे घाईघाईने म्हणाले. "मला येतं ते." कानापर्यंत लाल झाले होते.

"त्यात तिचं खरं नाव आहे का?" नणंदेने विचारलं.

"नाही. नुसतं चिमणी."

"मग चेहरा झाका," ती बाईंना म्हणाली. "आवाज राहू दे. त्या नव्या डॉक्टरांनी ऐकायला हवा तो." आणि यांच्याकडे न बघताच यांचा हात धरला. "त्या आवाजाला आता तू हात लावायचा नाहीस, दादा."

हे तिथे, बाईंच्या समोर, लहान पोरासारखे रडले.