चढाचा ठराव

आमच्या घरात कुठलीही गोष्ट सहज ठरत नाही. आधी ठराव मांडावा लागतो, मग त्याला अनुमोदन, मग चर्चा, मग मतदान. भिंतीला कुठला रंग द्यायचा इथपासून मी बारावीनंतर काय शिकायचं इथपर्यंत सगळं याच पद्धतीनं ठरलं. बाबांचा छोटा छापखाना होता. संपाची, मोर्चाची, पाणी परिषदेची पत्रकं तिथं छापली जायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे शाळेत गाईवर निबंध लिहितानाही शेवटी ‘आम्ही याचा जाहीर निषेध करतो’ असं लिहावंसं वाटायचं.

छापखान्याचा एक नियम होता आणि तो बाबांनी कधी मोडला नाही. जो पत्रक लिहील, त्यानंच ते वाटायला जायचं. वाक्य लिहिताना हात ढिला सोडायचा आणि लोकांच्या डोळ्यांत बघायची वेळ आली की दुसऱ्याला पुढं करायचं, हे त्यांना चालत नसे. स्वतः ते सायकलच्या कॅरिअरला गठ्ठे बांधून मुरगूड, गारगोटीपर्यंत जायचे.

या वर्षी आई अंगणवाडीतून निवृत्त झाली. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी ठराव मांडला, ‘तिघांनी परदेशात सुट्टीला जावं आणि सायकलवरून फिरावं.’ मी लगेच अनुमोदन दिलं. कुणी विचारलं असतं, चळवळीतल्या माणसांना ही चैन कशाला, तर माझं उत्तर तयार होतं. सुट्टी ही चैन नाही. ती भांडून मिळवलेली गोष्ट आहे, आणि मिळवलेली गोष्ट वापरायची असते. श्रीलंका एकमतानं ठरली. जवळ आहे आणि भात मिळतो, एवढी कारणं आम्हाला पुरली.

भांडण रस्त्यावरून झालं.

मी लॅपटॉपवर दोन रस्ते काढून ठेवले होते. एक दक्षिणेच्या किनाऱ्यानं, सपाट, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नारळी. दुसरा कँडीहून वर नुवारा एलियाकडे, चहाच्या मळ्यांतून, चढच चढ. सहल कंपनीच्या चित्रफितीत डोंगर सुंदर होते यात वादच नव्हता. पण त्या डोंगरात पाठीला टोपली लावून पानं खुडणाऱ्या बायका होत्या, आणि कॅमेरा त्यांच्यावरून असा फिरत होता की त्याही जणू झाडंच.

“मी या रस्त्याच्या विरोधात आहे,” मी म्हटलं. “कुणाचा तरी कामाचा दिवस म्हणजे आपला देखावा, हे मला मान्य नाही. आपल्या ऊसतोडीच्या फडापुढं उभं राहून कुणी फोटो काढले तर चालेल आपल्याला?”

बाबा म्हणाले, “मी बी किनाऱ्याच्याच बाजूनं. माझं कारण साधं हाय. तो चढ हाय. बाजारातनं भाजी आणण्याइतकं सोपं न्हाई.”

दोन मतं एका बाजूला. किनाऱ्याचा ठराव मंजूर झाल्यातच जमा होता. एवढ्यात आई चहाचे कप ठेवून खाली बसली.

“मला डोंगर बघायचाय,” ती म्हणाली.

“पण आई, त्या बायका...”

“आणि किनाऱ्यावर काय गं? नारळ आपणहून खाली उतरतात? मासं पकडायला कोण जातंय, तुझा मामा?”

बाबा कपात हसले. मी गप्प बसणारी नव्हते. मी म्हटलं, प्रश्न नुसत्या कामाचा नाही, बघण्याचा आहे. बघणारा वर आणि बघितला जाणारा खाली, हे चुकीचं आहे.

आईनं कप खाली ठेवला. तिचं माहेर शिरोळकडचं, कृष्णेच्या काठचं.

“पूर आलता तवा आम्ही सगळी शाळेच्या वरच्या मजल्यावर बसलतो,” ती म्हणाली. “पलीकडच्या टेकाडावर लोक पूर बघायला यायची. मोटारीतनं, पोराबाळांस्नी घेऊन. कणसं खात उभी ऱ्हायची. मला बी तुझ्यासारखाच राग यायचा. त्यातल्याच एका बाप्यानं लांबनं आरोळी दिली, ‘पावणं, जनावरास्नी वैरण हाय का?’ तुझ्या आजोबांनी नुसता हात हलवला, न्हाई म्हणून. दुसऱ्या दिवशी तो बाप्या नावेतनं वैरण घेऊन आला. तो बी पूर बघायलाच आलता की. घरात बसून त्याला कसं कळलं असतं?”

मी लॅपटॉपवरचा डोंगराचा रस्ता पुन्हा उघडला.

“आणि खरं सांगू का,” आई म्हणाली, “एवढी वर्षं मी सपाटीवरच सायकल चालवली. घर ते अंगणवाडी, अंगणवाडी ते घर. मला एकदा माझ्या पायानं वर जायाचंय. गाडीत बसून न्हाई.”

“बोलायला सोपं हाय,” बाबा म्हणाले. त्यांना काळजी वाटत होती, पण त्यांची काळजी कायम दरडावल्यासारखी बाहेर पडते. “निम्म्यात थकलीस तर परक्या मुलखात तुला कोण उचलणार?”

“तुमच्या छापखान्याचा नियम काय?” आईनं विचारलं. “लिहील त्यानंच वाटायचं. मग ठराव माझा, मीच चढून दाखवते. पन्हाळा. मधी पाय टेकला तर तुमचा समुद्र. न्हाई टेकला तर माझा डोंगर.”

बाबांना आपल्याच नियमापुढं हात जोडावे लागले.

पुढच्या रविवारी उजाडताना आम्ही निघालो. आईसाठी माझ्या मैत्रिणीची गिअरची सायकल आणली होती. आईनं पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला आवळून बांधली, हेल्मेट घातलं आणि आरशात न बघताच बाहेर पडली. मी तिच्या मागं, बाबा स्कूटरवर, पाण्याच्या बाटल्या आणि तोंडातला उपदेश घेऊन. पंचगंगेचा पूल ओलांडला, केर्ली गाव मागं पडलं. सपाटीवर आई मला मागं टाकत होती.

वाघबीळला खरा चढ लागला. आईनं गिअर खाली आणला. चाकं इतकी हळू फिरायला लागली की शेजारून चालणारा माणूस पुढं गेला असता. मी बोलून धीर द्यायला गेले, तर ती म्हणाली, “गप चल. बोलून दम जातोय.”

मागून एक मोटार आली. खिडकीतून एक पोरगा ओरडला, “मावशी, डोंगरावर काय हरवलंय काय?”

“तुझी अक्कल गावती का बघाय चाललोय!” आई ओरडली. एवढ्या बोलण्याला मात्र तिच्याकडं दम होता.

पुढच्या वळणावर चढ अंगावर आला. मी उतरले. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही, माझे पाय थांबले म्हणजे थांबले. सायकल ढकलत मी वर बघत होते. आई रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी जात, पुन्हा वळत वर सरकत होती. बाबा स्कूटर तिच्या शेजारी आणून म्हणाले, “बास झालं. बस मागं. सायकल ऱ्हाऊ दे हितंच.” आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ओढणी घामानं पाठीला चिकटली होती. एकदा पुढचं चाक इतकं डगमगलं की तिचा डावा पाय पेडलवरून सुटला. पाय हवेत तरंगला, जमिनीच्या अगदी जवळ आला आणि पुन्हा पेडलवर गेला.

बाबांनी स्कूटर मागं घेतली.

मी पन्हाळ्याच्या नाक्याजवळ पोचले तेव्हा आई झुणका-भाकरीच्या गाड्यापुढच्या बाकावर बसली होती. तोंड लाल झालं होतं आणि ओंजळीत पाण्याचा तांब्या होता. भाकरी थापणारी बाई तिला विचारत होती, “कुठनं आलासा?”

“कोल्हापुरातनं.”

“सायकलवरनं?”

“व्हय.”

आईच्या तोंडून मी हा शब्द जन्मापासून ऐकत आले आहे. तसा मात्र पहिल्यांदाच ऐकला. बाईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिली गरम भाकरी तिच्या पानात टाकली. आमच्या आधीपासून ताटकळत उभे असलेले दोघं पर्यटक बघत राहिले. मला इतका अभिमान वाटत होता की मी त्या दोघांना, कुणी न विचारताच, “ती माझी आई आहे,” असं सांगून टाकलं.

“पाय टेकला न्हाई. ठराव मताला टाकतो,” बाबा घसा साफ करत म्हणाले. “डोंगराचा रस्ता.”

“माझी उपसूचना आहे,” मी म्हटलं. “मळ्यात आधी उतरायचं, बोलायचं. फोटो विचारून काढायचा. त्या बायका नाही म्हणाल्या तर नाही.”

“मान्य,” आई म्हणाली. “भाषा?”

“हातानं बोलू.”

तीन हात वर झाले. भाकरीवाल्या बाईनं पिठाचा हात वर करून विचारलं, “मी बी करू काय?”

“करा की,” आई म्हणाली. “पण ज्यांनी ज्यांनी हात वर केला, त्यांनी चढ चढायचा. नियम हाय आमच्या घरचा.”

बाईनं हसत हात खाली घेतला. बाबांचा हात मात्र वरच राहिला होता, आणि आता तो खाली घेण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय. परवा रविवारी पहाटे पंपाच्या आवाजानं मला जाग आली. बाबा अंगणात आपल्या जुन्या सायकलच्या टायरमध्ये हवा भरत होते, त्याच कॅरिअरच्या सायकलच्या. आई दारात उभी होती, स्कूटरची किल्ली हातात घेऊन.

“पाणी घेतलासा?”

“घेतलं.”

“वाघबीळच्या फुडं बोलू नका,” आई म्हणाली. “दम जातोय.”