तुकड्यांचे मालक

पॅथॉलॉजिस्टकडे माणसं कमी, माणसांचे तुकडे जास्त येतात. तुकडे बिचारे गप्प असतात. पण आमच्या रिसोडात मागोमाग त्यांचे मालक येतात, आणि मालक काही गप्प बसत नाहीत! म्हणून माझ्या लॅबमध्ये स्लाइडींपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

*

एका गड्याला स्वतःचं कातडं बघायचंच होतं. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि चमकला. "म्याडम, हे कोणाचं हाय? माह्यं त काळं हाय, हे गुलाबी!"

आमचे टेक्निशियन गजूभाऊ म्हणाले, "रंग देला आमी त्याले, तवाच दिसते."

"मंग मले पुरा रंग द्या ना! दिवाळीनंतर लगन हाय माह्यं."

*

दुसऱ्याची, तुकडा टिकवायच्या औषधाची बाटली एसटीत गळाली. पठ्ठ्याने तुकडा लोणच्याच्या तेलात बुडवून आणला! मी कपाळाला हात लावला.

"काहून? कैरी सालभर टिकते, हे दोन दिवस नाही टिकत?"

*

स्किनच्या नव्या डॉक्टरांना मी ग्रॅन्युलोमा दाखवत होते. शत्रू संपत नसला की पेशी त्याला गराडा घालतात, ती ही गाठ. क्षयाच्या गाठीभोवती बारक्या पेशींची दाट गर्दी. सार्कॉइड नावाच्या दुसऱ्या आजाराच्या गाठीभोवती जवळजवळ कुणीच नाही.

मागून गजूभाऊ म्हणाले, "सोपं हाय. पयला वरातीतला नवरदेव. दुसऱ्यानं कोर्टात लगन केलं!"

आता ते डॉक्टर मला फोनवर विचारतात, "मॅडम, वरात आहे का?"

*

आणि केनवडचे शेषराव काका. मनगटाजवळ लालसर गाठ. गावात कुणीतरी 'महारोग' म्हणालं आणि काकांनी नातीला उचलणंच सोडलं. ती पायाला झोंबायची, हे हात मागे बांधून उभे. तो असला तरी औषधाने बरा होतो, हे सांगून मी थकले. "रिपोर्ट येऊ द्या," एवढंच म्हणायचे. स्लाइड लावताना मलाच धाकधूक होत होती.

गराडा होताच. पण महारोग आधी धरतो त्या नसा सुखरूप होत्या, आणि मधोमध बसला होता काट्याचा तपकिरी तुकडा!

"काका, महारोग नाही. काटा मोडलाय आत."

"काटाच?"

"काटाच."

काका बाहेर गेले. बाकावर काकू नातीला घेऊन बसल्या होत्या. काकांनी पोरीला उचललं आणि तिच्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसून रडले. गजूभाऊ उगाच चष्मा पुसत राहिले.

मग काका, पोर तशीच खांद्यावर, माझ्या टेबलाशी परत आले.

"म्याडम, एक मेहरबानी करा. रिपोर्टात लिहून द्या, काटा शेजारच्या नामदेवच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाभयीचा हाय. कधीचा म्हणून राह्यलो त्याले, तोड!"