छावणीतल्या मुलीचा फोटो

माझी आत्या नर्स होती. बांगलादेशच्या लढाईत निर्वासितांच्या छावण्यांवर माणसं कमी पडतायत असं कळलं, तेव्हा ती पाबळहून एकटी बंगालच्या सरहद्दीवर गेली. परत येताना तिनं पत्र्याची एक पेटी आणली. त्यात रुग्णांच्या चिठ्ठ्या, औषधांचे कागद, छावणीतले फोटो. पुढं दौंडला नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि ती पेटी कुणाला उघडू दिली नाही.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका अभिलेखागारातल्या बाई दौंडला आल्या. लढायांच्या काळात मदतीला गेलेल्या साध्या माणसांचे कागद त्या जमवत होत्या. मला वाटलं, आत्या नाहीच म्हणेल. तिनं पेटी स्वतःच पुढं सरकवली आणि एक फोटो काढला. कॉलऱ्याच्या तंबूपुढं तरुण आत्या, कडेवर चारेक वर्षांची मुलगी.

"हिचं समदं घर कॉलऱ्यात गेलं," आत्या म्हणाली. "ही वाचली, पन बोलायची न्हाई. नाव सुदिक सांगितलं न्हाई. माझा पदर धरून हिंडायची. मी घरी कळवलं, हिला आनते. बा म्हनला, बिनलग्नाची पोर लेकरू घिऊन आली तर लोक काय म्हंतील? लढाई संपली तवा समद्यास्नी माघारी न्यायला ट्रक आले. मीच तिला वर बसवलं. रडली न्हाई गं. नुसती बघत ऱ्हायली."

इतक्या वर्षांत घरात कुणालाच तिनं हे सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला, तर तिनं तो सोडवून घेतला.

"हे कोनाला बी बघाया मिळंल?" तिनं बाईंना विचारलं.

"हो मावशी. कुणीही येऊन बघू शकेल. बांगलादेशातूनसुद्धा."

"मंग न्या."

त्यानंतर मी शिरूरहून फोन केला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "पुण्याला फोटो बघाया कोन आलं व्हतं का गं?"

एकदा मी धीर करून म्हणाले, "आत्या, ती आता साठीला टेकली असेल. तिला काय आठवणार?"

"मला आठवतंय की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

यंदाच्या उन्हाळ्यात आत्या गेली. तिच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मी पुण्याला, अभिलेखागारात गेले. बाईंनी आत्याच्या कागदांचं खोकं टेबलावर आणून ठेवलं. कुणी बघून गेलं का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तुम्हीच पहिल्या."

कागद नीट लावलेले होते. फोटोच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'परिचारिका व अनोळखी मुलगी.'

"अनोळखी नको," मी म्हणाले.

बाईंनी लगेच खोडलं. "मग काय लिहू?"

त्या पेन्सिल धरून थांबल्या. तिचं नाव तर आत्यालाही कधी कळलं नव्हतं. मी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडले.