दुसरी भाकरी

बाजरीची भाकरी तव्यावर फुगली की त्या वासानं मी पारनेरच्या माहेरी पोचते. बाळंतपणाला तिथं गेले होते तेव्हा नववा महिना लागल्यापासून अर्ध्या भाकरीतच मला धाप लागायची. त्या सकाळी मात्र ओटीपोट जड झालं होतं, पण श्वास मोकळा होता, आणि मी चक्क दुसरी भाकरी मागितली.

आईनं माझ्याकडं नीट पाहिलं. "पोट उतरलं गं, बाळ खाली सरकलं. आता चार-आठ दिसांचं काम हाय. जेव सावकाश." हात न धुताच ती बाळाची दुपटी पिशवीत भरू लागली. दुपट्यांवर पिठाची बोटं उमटली म्हणून मी हसले होते.

आज बाळंतपणाला आलेली माझी लेक म्हणाली, "आई, अजून एक वाढ."

"जेव सावकाश," म्हणत मी भाकरी वाढली आणि तिच्या बाळाची दुपटी भरायला तशीच उठले. पिशवीवर माझीही बोटं उमटली.