शेळ्यांच्या पाणवठ्यावरची पहिली नोंद

त्या ओढ्याचं नाव मी सांगणार नाही. एकदा सांगितलं, अक्षांश-रेखांशासकट छापून सांगितलं, आणि त्याचं काय झालं ते बघितलं. शहराच्या उत्तरेला डोंगरात आहे, एवढंच पुरे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ओढ्यातले किडे गोळा करते. नवरा म्हणतो, रविवारी लोक मटण आणतात, आमच्याकडं किडे येतात. म्हणू दे. वाहत्या पाण्यात जाळी धरायची, वरच्या अंगाचे दगड पायानं हलवायचे, वाहून आलेलं सगळं शहरातल्या शहागंज बाजारातून आणलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्यानं एकेक जीव उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. तासन् तास वाकून कंबर जाते, पण मला त्यात जे सुख मिळतं ते लग्नकार्यातसुद्धा मिळत नाही.

त्या ओढ्यावर डोंगराखालच्या वस्तीवरची एक मावशी रोज शेळ्या पाणी पाजायला आणायची. पहिल्याच दिवशी खडकावर बसून तिनं माझी खेचली. "काय गं बाई, एवढी शिकलीस अन् किडे येचत बसलीस व्हय? घरी कामधंदा नाय का?" मी म्हटलं, याचाच पगार मिळतो मावशी. ती इतकी हसली, की शेळ्या बिचकून पांगल्या. पुढं मी गेले, की ती भाकरीचं फडकं सोडायची आणि अर्धी मला द्यायची. नको म्हटलं तर रागवायची.

तिच्या शेळ्या डोहावर प्यायच्या. डोहाच्या लगेच खाली पाणी दगडांवरून खळाळत उतरतं, आणि तिथंच मला तो किडा सापडला. मेफ्लाय नावाच्या माशीचं पिल्लू, चपटं, दगडाला घट्ट चिकटलेलं, मागं तीन बारीक शेपट्या. सह्याद्रीत ही जात माहीत होती, मराठवाड्यातून कुणीच नोंदवली नव्हती. मायक्रोस्कोपखाली खात्री पटली तेव्हा मी किंचाळले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं शॉक बसला.

त्यावर शोधनिबंध लिहिला, आमच्या भाषेत पेपर. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यांचा निरोप आला, की सगळं छान आहे, फक्त शेवटी या जागेला कशाचा धोका आहे ते लिहा. आमच्या धंद्यात हा परिच्छेद सगळेच लिहितात, आणि सगळे तेच ते लिहितात. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून, कुकरच्या शिट्ट्या ऐकत लिहून टाकलं, की जनावरांच्या वावरामुळं आणि चराईमुळं इथल्या पाण्याला धोका आहे. मी त्याची ना पाहणी केली होती, ना मोजमाप. उलट, किडे मिळाले ते शेळ्या प्यायच्या त्या डोहाला लागूनच, आणि भरपूर मिळाले. वरण-भात उरकायच्या घाईत मी ते वाक्य ठोकलं आणि पाठवून दिलं. त्यात कुणी माणूस आहे, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पेपर छापून आला. कॉलेजात शाल-श्रीफळ झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. मावशीला तो फोटो दाखवायला उन्हाळ्याच्या तोंडावर गेले, तर डोहाभोवती तारेचं कुंपण. गेटला कुलूप, वर वनखात्याची पाटी : जनावरांना मनाई.

मावशी कुंपणाबाहेर उभी होती. आता शेळ्यांना हमरस्ता ओलांडून पलीकडच्या तळ्यावर न्यावं लागत होतं, आणि त्या रस्त्यावर एक गाभण शेळी ट्रकखाली गेली होती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "तुझी वळख असंल ना साहेबाशी? सांग की तेला. आमी काय घाण करतो का?"

मी दुसऱ्याच दिवशी वनखात्याच्या कचेरीत गेले. साहेब भला माणूस. त्यानं चहा मागवला, अभिनंदन केलं. मी कुंपणाचा विषय काढला तर चकित होऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पेपरच्या आधारावर केलंय. तुम्हीच धोका लिहिलाय."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, ते वाक्य चुकीचं आहे. तो शांतपणे म्हणाला, "तसं लेखी द्या."

लेखी द्यायचं म्हणजे काय, तर न बघता लिहिलं, असं सहीनिशी कबूल करायचं. माझ्या बढतीची फाईल तेव्हाच वर गेली होती. देते म्हणाले आणि घरी आले. आज देऊ, उद्या देऊ करत अख्खा उन्हाळा घालवला. रात्री नवऱ्यानं विचारलं, दिलंस का, की मी त्याच्यावरच डाफरायचे. भित्री मेली मी! शेवटी पाऊस तोंडावर आल्यावर पत्र दिलं. साहेब म्हणाला, वर पाठवतो, वेळ लागेल.

तिथून थेट वस्तीवर गेले. दावणीला एकच म्हातारी शेळी होती. बाकीच्या मावशीनं विकल्या होत्या. रोज रस्ता ओलांडायची तिची छाती होत नव्हती. तरी तिनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं, सुनेला म्हणाली, "हीच ती बाई, साहेबाकडं आपल्यासाठी बोलायला गेलती."

मला ते ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं. मावशी, तुझ्या शेळ्यांमुळं पाणी नासतं, असं मीच लिहिलं होतं. तेवढ्यावरूनच कुंपण आलं. आणि ते खोटं आहे हे लिहून द्यायलाही मी उशीर केला.

मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं, कळत नसल्यासारखं. मग हळूच म्हणाली,

"पर तू तर तिथंच असायचीस की गं, माझ्यापाशी."