मळणी मशीनच्या तोंडावरचा पत्रा

पंच्याहत्तर सालच्या फाल्गुनात हौसरावांनी वरवंडात पहिली मळणी मशीन आणली, तेव्हा लग्नाला जमावं तसं गाव जमलं होतं. आज शिवारात कितीही यंत्रं धडधडली तरी कुणी मान वळवत नाही. तेव्हाचं कौतुक वेगळंच होतं. बैलांच्या पातीनं आठ दिवस चालणारं खळं दुपारच्या जेवणाआधी उरकायचं, आणि म्हातारी माणसं हातात गहू घेऊन नुसती बघत राहायची.

मशीन चालवायला बन्सी होता. बौद्धवस्तीतला, सडपातळ, कमी बोलणारा. दौंडला इंजिन दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षं राबून आलेला. पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो आतलं दुखणं ओळखायचा. इंजिनाचा डॉक्टर, असं लोक त्याला थट्टेनं म्हणायचे. पण त्याच्याशिवाय हॅन्डलला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवसांत बन्सीला सकाळी उठायचीसुद्धा घाई असायची, इतका तो खूश होता.

मशीनच्या तोंडावर हातभर लांबीचा, कमानीसारखा वाकवलेला पत्रा होता. पेंढी त्याखालून सरकत आत जायची आणि माणसाचा हात पात्यांपासून लांब राहायचा. पण पेंढ्या त्यात अडकायच्या, काम रेंगाळायचं. त्यातच आभाळ भरून आलं आणि गव्हाच्या गाड्यांची रांग लागली.

"काढ तो पत्रा," हौसराव म्हणाले.

"आबा, कुणाचा तरी हात जाईल."

"बघून घालत्याल की. ल्हान पोरं हायती व्हय?"

मागून दहाजण ओरडले, "आटप की रं बन्सी, आभाळ बघ." बन्सीनं चार बोल्ट काढले आणि पत्रा बाजूला ठेवला.

अकरा दिवस काम झपाट्यानं झालं. बाराव्या दिवशी पेंढ्या घालणाऱ्या भागुबाईच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. भागुबाई बन्सीच्या शेजारची, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली. दुधाच्या गाडीतून तिला दौंडला नेलं. जीव वाचला.

दोन दिवसांनी पारावर बैठक भरली. मशीनला बळी लागतो, असं कुणीतरी काढलं आणि सगळ्यांना ते एकदम पटलं. कोंबडं कापायचं, नारळ फोडायचा आणि पुन्हा सुरू करायचं, असं ठरत आलं. बन्सीचा काही दोष नाही, हेही चारजणांनी बोलून दाखवलं. खोटं कशाला सांगू, ते ऐकून बन्सीला बरं वाटलं. गप्प बसला असता तर कुणी त्याला बोल लावणार नव्हतं. पण भागुबाईच्या हाताला गुंडाळलेलं पांढरं बंडल त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मशीनला भूक नसती, आबा," पाराखाली उभा असलेला बन्सी म्हणाला. "बोल्ट म्या काढलं. तुमी काढाया लावलं. रांगंतल्यांनी घाई केली. आता कोंबड्यावर कशाला ढकलायचं? पत्रा बसल्याबिगर म्या हॅन्डल मारनार न्हाई."

"मग दुसरा ड्रायव्हर आणू."

"आणा. पर त्याला बी समदं सांगा."

हौसराव लालबुंद झाले. तेवढ्यात त्यांची चुलती सारजाबाई पाराच्या कठड्यावरून म्हणाली, "हौसा, पत्रा काढला त्या दिवशी पुढची गाडी माझीच व्हती. आटप आटप मीच म्हणत व्हते. पत्रा बसंपतुर माझा उरलेला गहू ऱ्हाऊ दे तसाच."

चुलतीपुढं हौसरावांचं काही चालायचं नाही. पत्रा त्यांच्याच गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून सापडला. बन्सीनं तो बसवला आणि गावानं नियम केला: ज्याचं खळं, त्यानं आणि ड्रायव्हरनं दोघांनी पत्रा हलवून बघायचा, मगच इंजिनाचा पट्टा चढवायचा. काम सावकाश झालं, पावसात दोन खळी भिजली आणि त्याबद्दल बन्सीनं बरंच ऐकून घेतलं. तरी कुणी पत्रा काढ म्हणालं नाही. गाव एवढं शहाणं मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

पुढच्या फाल्गुनात पहिलं खळं हौसरावांचं होतं. भागुबाई मजुरीला आली. बन्सीला तिच्याकडं बघवेना. हौसरावांनी पत्रा हलवला, बन्सीनं हलवला.

"झालं का दोघांचं?" भागुबाईनं विचारलं.

"व्हय, अक्का. गावानं तसं ठरवलंय."

"गावानं ठरवलं, ते बरं केलं. पर आत हात आमचा जातो, बन्सी. पत्रा काढताना मला कुणी इचारलं न्हाई. बसवताना बी न्हाई."

एवढी साधी गोष्ट आपल्यालाही सुचू नये, या लाजेनं बन्सीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हातातला पट्टा खाली ठेवला आणि बाजूला सरला.

"बघ, अक्का," तो म्हणाला. "तू सांगशील तवाच लावतो."

भागुबाई पुढं झाली. डाव्या हातानं तिनं एकेक बोल्ट चाचपला, पत्रा धरून गदागदा हलवला, वाकून आत बघितलं. मागं गाड्या खोळंबल्या होत्या. तिनं हो म्हणायला पुष्कळ वेळ घेतला आणि तोवर कुणीही आटप म्हणालं नाही.